सरांचा पाय : गाडी शिकण्याच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

शिकाऊ परवाना मिळाला. वय ४७, म्हणजे चाळिशी उलटलेली, त्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं, तो फॉर्म १-ए. चिन्हांची परीक्षा इंग्रजीतून दिली. हा परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. मधल्या दिवसांची वही आजपासून.

माझ्या शिवणकामाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान असतं : माप, तारीख, काय बिघडलं, काय उसवलं. हेही तसंच लिहिणार.

आधी मागचं लिहून टाकते. २०१६ साली मी एका ड्रायव्हिंग क्लासला पंधरा दिवस गेले होते. गाडीत मागं आणखी तिघं बसलेली असायची, प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा मिनिटं यायची. शिकवणाऱ्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता आणि ते दोन्ही त्यांच्याच पायाखाली असायचे. मी फक्त स्टेअरिंग धरून बसायची. गाडी छान चालायची, मला वाटायचं मला येतंय. सोळाव्या दिवशी दिरांच्या गाडीत बसले तर ती जागची हलेना. पाच वेळा बंद पडली आणि मी उतरून घरात गेले. नंतर हिशेब केला : पंधरा दिवस गुणिले बारा मिनिटं, तीन तास. त्यातलं क्लचवरचं माझं काम शून्य. सहा महिने उलटले, परवाना गेला, पैसेही गेले. आठ वर्षं मी लोकांना सांगत होते की मला गाडी जमत नाही. मला ती कुणी चालवूच दिली नव्हती, हे समजायला फार वेळ लागला.

आता कशासाठी? माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं. आई एकटी असते. मी बेळगावात, अनगोळला राहते. इथून तिच्याकडं जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि सीमेवर काही तंग झालं की आधी बस थांबते. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या एसटीनं कर्नाटकात येणाऱ्या गाड्या थांबवल्या होत्या. त्याच आठवड्यात आई ओट्यावरून घसरली. हे कामाला कोल्हापूरला, गाडी दारात उभी आणि मी तिच्याकडं बघत बसलेली. ते मला पुन्हा नको.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तीन ठिकाणी चौकशी केली. फी शेवटी विचारली, आधी एकच प्रश्न : शिकवताना तुमचा पाय कुठं असतो?

पहिल्यांना प्रश्नच कळला नाही. दुसरे हसले, म्हणाले, "आमच्या पायावरच गाडी चालते की वो." तिसरे लष्करातून निवृत्त झालेले, ट्रक चालवलेले, बेळगुंदीकडचे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "पाय पेडलच्या वर असतो, पेडलवर नाही. लागला तरच खाली येतो. आणि आला की मी सांगतो."

कसं सांगता? "घेतला, म्हणून सांगतो."

तिथंच नाव घातलं. नियम काय आहे तेही त्यांनीच सांगितलं : खासगी गाडीसाठी शिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तास. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत हे लिहिलेलं आहे. त्यांच्याकडं प्रत्येकाला रोज अर्धा तास मिळतो. २१ गुणिले अर्धा, साडेदहा तास. वहीत रोज सही करायची. २०१६ ला मी कसलीही सही केल्याचं आठवत नाही.

२ डिसेंबर, सोमवार. दिवस १

सकाळी साडेसहा. टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या बाजूचा रस्ता. धुकं होतं, फिरायला आलेली माणसं कानटोपी घालून. गाडी आल्टो.

पहिली दहा मिनिटं किल्ली लावलीच नाही. खुर्ची पुढं घ्या, क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. तिन्ही आरसे. मापं घेण्याचा हा भाग मला आवडला. माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे मला नव्यानं शिकवायला नको.

मागच्या सीटवर आणखी एक विद्यार्थिनी, अनगोळचीच, कॉलेजात शिकणारी. माझ्यानंतर तिची पाळी. मी सरांना म्हटलं, तुम्ही "घेतला" म्हणाल तेवढी आकडेवारी मला वहीत हवी. चालवताना मी कशी मोजणार? मागून ती म्हणाली, "मी मोजतो की काकू. खरं माझ्या टैमाला तुम्ही मोजायचं." ठरलं. वहीला दोन रकाने : माझा आणि तिचा. वर मथळा तिनंच लिहिला : सरांचा पाय.

आज : माझे २७. तिचे २२.

किल्ली लावल्यावरच्या वीस मिनिटांत २७ वेळा. मिनिटाला एकाहून जास्त.

३ डिसेंबर, मंगळवार. दिवस २

२९. वाढले.

प्रत्येक वेळी चूक तीच. गाडी निघताना क्लच पटकन सुटतो, गाडी उडी मारते आणि बंद पडायच्या आत सरांचा पाय खाली येतो. त्यांचा पाय आला की माझ्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जातं. दोन्ही जोडलेले आहेत ना. जिन्याची पायरी नाहीशी व्हावी तसं वाटतं. "अक्का, क्लच सोडूलाय का टाकूलाय?" हा त्यांचा प्रश्न आज आठ वेळा.

५ डिसेंबर, गुरुवार. दिवस ४

काल उलगडलं, आणि गाडीत नाही, घरी.

काल रात्री अकरा वाजता ब्लाऊजच्या गळ्याची शिलाई घालत होते. मोटारीच्या मशीनवर गळ्याचं वळण आलं की पाय किती हलका ठेवायचा हे पायालाच ठाऊक असतं. पंचवीस वर्षं झाली. आणि एकदम ध्यानात आलं की माझा पाय शिकलेला आहे, पण उलटा शिकलेला आहे. मशीनवर दाबलं की काम सुरू होतं आणि सोडलं की थांबतं. क्लच दाबला की गाडी इंजिनापासून सुटते, सोडला की जोडली जाते. घाबरलं की मशीनवरचा पाय मी झटकन उचलते, सुई थांबते, बोट वाचतं. गाडीतही घाबरले की पाय झटकन उचलते. इथं त्याचा अर्थ, गाडीची उडी.

आज सकाळी हे सरांना सांगितलं. ते मन लावून ऐकत राहिले. मग त्यांनी गाडी बाजूला घेऊन वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं : इंजिनाचं जड चाक, त्याला चिकटणारी क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की मधली प्लेट मोकळी. पेडल वर येताना एक जागा येते तिथं प्लेट घासत घासत चिकटू लागते. तीच हाफ क्लच. तिथं थांबायचं, गाडी हलेपर्यंत थांबायचं, मगच उरलेलं सोडायचं. "आणि तिथंच राहायचं पण नाही, प्लेट जळते."

मग पंधरा मिनिटं अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही असा सराव. पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर नुसत्या क्लचवरही पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघते. टाच जमिनीवर, चवडा वर येतो. ती जागा आली की इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि बॉनेट किंचित वर होतं. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. चाळीस वेळा निघाले, चाळीस वेळा थांबले. तीनदा बंद पडली, ती त्यांनी पडू दिली. बंद पडण्यात काही वाईट नाही, म्हणाले.

आज : १२. तिचे १५.

९ डिसेंबर, सोमवार. दिवस ७

आजपासून सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. गावात पोलिसांच्या गाड्या, चौकाचौकात बंदोबस्त. आम्ही अनगोळ, वडगावच्या आतल्या रस्त्यांवरच राहिलो. दुसरा-तिसरा गिअर, वळणं, गतिरोधक. वडगावच्या गल्ल्यांतून मागाचा आवाज येतो त्या रस्त्यानं गाडी चालवत नेली. याच गल्लीत मी साड्यांना फॉल लावायचं काम घ्यायला चालत यायची.

१०. तिचे ९. ती माझ्या पुढं गेली.

१० डिसेंबर, मंगळवार

वर्ग नाही. सुवर्णसौधाकडं आंदोलन, सर तिकडून येऊ शकले नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार. दिवस ८

कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा काल गेले, आज सरकारी सुट्टी. सरांनी वर्ग घेतला. रस्ते इतके रिकामे की किर्लोस्कर रोडवरून कॉलेज रोडला आरामात गेलो. आकडा ३.

मी खूश. सर म्हणाले, "आज रस्त्यानं तुम्हाला पास केलंय, तुम्ही नाही झाला." मागच्या सीटवरच्या पोरीनं ते वाक्य वहीत आकड्याशेजारी लिहून ठेवलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार. दिवस १०

चढ. कपिलेश्वर उड्डाणपूल.

परीक्षेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे : चढावर गाडी थांबवून मागं न घसरता पुन्हा काढता आली पाहिजे. मला सगळ्यात भीती याचीच होती. पुलावर मागून कायम रिक्षा चिकटलेली असते आणि वर शाळेच्या गाड्यांची वेळ.

सरांनी मुद्दाम मधोमध थांबवलं. हँडब्रेक ओढला. आता पाय ब्रेकवरून काढा. काढला. गाडी जागेवर. "बघा, कुठं जात नाही. आता वेळ तुमचा आहे." ते एक वाक्य मला फार लागलं. चढावर माझी घाई असायची ती गाडी घसरण्याच्या भीतीनं. हँडब्रेकनं गाडी धरली आहे म्हटल्यावर घाई कशाची? थोडा अॅक्सिलरेटर, क्लच त्या जागेपर्यंत, आवाज खाली बसला, गाडीची शेपूट किंचित दबली, तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी वर गेली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला होता तो मला नंतर आठवला.

दहा वेळा पूल. दुसऱ्या बाजूनं उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं, न्यूट्रल करायचं नाही. घाटातही हेच : ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, मग इंजिनच गाडी आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चोर्ला घाटात मालाचे ट्रक चढताना बघितलेत ना, त्यांना एकदा थांबवलं की पुन्हा निघायला किती जड जातं.

आज : ६. त्यातले ४ पुलावर.

१७ डिसेंबर, मंगळवार. दिवस १३

गोगटे सर्कल, काँग्रेस रोड, तिथून खडेबाजारच्या तोंडापर्यंत. आकडा १६.

वहीकडं बघून रडू आलं. तेरा दिवस झाले आणि सोळा. दुपारी एकही कपडा कापला नाही, हात चुकेल म्हणून.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली. मुलीनं प्रत्येक रेघेखाली जागा लिहून ठेवली होती. १६ पैकी ११ गोगटे सर्कलला. म्हणजे बाकीच्या सगळ्या रस्त्यावर मिळून पाच. मी गाडी विसरलेली नाही, सर्कल शिकलेलीच नाही. खराब ब्लाऊज आणि खराब बाही यांत फरक असतो. बाही उसवायची, अख्खा ब्लाऊज नाही.

१८ डिसेंबर, बुधवार. दिवस १४

आज फक्त सर्कल. नियम सोपा आहे : जे आत फिरत आहेत त्यांचा हक्क पहिला, आत शिरणाऱ्यानं थांबायचं. अडचण अशी की दुचाकीवाले डावीकडून पुढं घुसतात आणि मी त्यांना बघून मधेच थांबते. मधे थांबलेली गाडी सगळ्यांनाच गोंधळात टाकते. सरांचा उपाय : थांबायचं ते शिरण्याआधी. शिरलात की दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारखा वेग, बाहेर पडताना डावा इंडिकेटर. तुम्ही काय करणार ते समोरच्याला आधी कळलं की तोच वाट काढतो.

नऊ फेऱ्या. ५.

२० डिसेंबर, शुक्रवार. दिवस १६

हे सविस्तर लिहिते.

दुसरं रेल्वे गेट. रेल्वेगाडी मिरजेकडून लोंढ्याकडं जायची होती, गेट पडलेलं. दोन्ही बाजूंना रांगा, आणि नेहमीसारखी रांग सोडून उजवीकडं भरलेली गर्दी, त्यामुळे गेट उघडलं की दोन्हीकडचे समोरासमोर. सर म्हणाले, आपण डावीकडं आपल्या जागी राहायचं, पुढच्यांना निघू द्यायचं.

गेट उघडलं. पुढची गाडी निघाली, मी निघाले. हाफ क्लच चांगला जमला होता, रुळांवर गाडी बंद पडू नये म्हणून पहिल्या गिअरमध्येच ठेवली, मधे गिअर बदलला नाही. सगळं शिकवल्याप्रमाणं. उजवीकडून एक टेंपो अंगावर येत होता, माझं लक्ष त्याच्याकडं. आणि पाय ब्रेकवर नसताना गाडी जागच्या जागी थांबली.

"घेतला."

डावीकडं, बॉनेटच्या अगदी कोपऱ्याशी, सायकलवरचं पोर. आठ-नऊ वर्षांचं, पाठीवर दप्तर. मला ते दिसलंच नव्हतं. समोरची काच आणि बाजूची काच यांच्यामधल्या खांबाआड ते पूर्ण झाकलं गेलं होतं. माझी गाडी आणि त्याची सायकल सारख्या चालीनं पुढं येत होत्या म्हणून ते खांबाआडच राहिलं. ते माझ्याकडं बघून निघून गेलं.

मी पुढं जाऊन गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते. सर काही बोलले नाहीत, बाटलीतलं पाणी दिलं. मग मला गाडीत बसवून ठेवून स्वतः उतरले आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्यापासून हळूहळू चालत दूर गेले. खांबाआड अख्खा माणूस मावतो, नाहीसा होतो. मी मान चार बोटं पुढं केली की पुन्हा दिसतो. "आरसे बघायला सांगतात सगळे. खरं मान हलवायला कोण सांगत नाही. चौकात, गेटवर, वळताना मान पुढं-मागं करायची."

आज आकडा १. मुलीनं विचारलं, "काकू, एकच की. लिहू?" लिही म्हटलं. या रकान्यातले आतापर्यंतचे सगळे आकडे एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला. २०१६ साली पाय सारखा पेडलवर असायचा. त्यामुळे तो कधी लागला आणि कधी नुसताच होता, हे मला कधी कळलंच नसतं.

२१ डिसेंबर, शनिवार. दिवस १७

रिव्हर्स. शेपूट जिकडं न्यायची तिकडं स्टेअरिंग फिरवायचं, एवढंच आहे. पण नाक उलट बाजूला जातं आणि नाकाकडं कुणी बघत नाही. दोन विटांच्या मधे गाडी घालायला सहा प्रयत्न. कापड उलट्या बाजूनं शिवून सुलट करायची सवय इथं कामाला आली. ०, पण विटेला एकदा टायर लागला.

२४ डिसेंबर, मंगळवार. दिवस १९

काँग्रेस रोडवर रोषणाई बघत. गावभर दिवे लावलेत. १९२४ च्या २६ आणि २७ डिसेंबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं होतं, त्याला शंभर वर्षं. या रस्त्याचं नाव त्याचंच. काँग्रेस विहिरीजवळून जाताना सर म्हणाले, तेव्हा अधिवेशनाला पाणी पाहिजे म्हणून ही विहीर खणली. लहानपणी वडिलांबरोबर हिच्या काठावर बसून शेंगा खाल्लेल्या आठवतात. आज तिच्याशेजारून तिसऱ्या गिअरमध्ये गेले.

२. तिचे १.

२६ व २७ डिसेंबर

वर्ग नाही. २६ ला गावात दिल्लीची मंडळी, रस्ते बंद. रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली, २७ ला सुट्टी. दिवे होते तसेच, खाली माणसं नाहीत.

३० डिसेंबर, सोमवार. दिवस २१

शेवटचा दिवस, आणि सरांनी वेळ मुद्दाम संध्याकाळची घेतली. वेंगुर्ला रस्ता, हिंडलगा, सुळग्यापर्यंत.

हा माझा रस्ता. आईकडं जायचा.

उसाचा हंगाम चालू आहे. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला. अंधार पडताना अशी ट्रॉली काळ्या भिंतीसारखी एकदम समोर येते. सुळग्याच्या अलीकडं एकानं रस्त्यावर नाचणी मळायला पसरली होती, तिच्यावर ब्रेक दाबला तर चाक घसरतं. पिंजर (वाळलेलं काड) गाडीखाली अडकलं तर गरम सायलेन्सरला लागून पेटू शकतं. शक्यतो बाजूनं जायचं.

सरांनी हिशेब सांगितला आणि मी तो माझ्या भाषेत लिहून घेतला. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. साडेपाच मीटरच्या दोन साड्या. ताशी ६० ला तीन साड्या. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दोन किंवा तीन साड्या उलगडून गेलेल्या असतात. आणि ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. रात्री दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, त्याहून जास्त वेग नको. मी ३५ च्या वर गेले नाही. मागून लोक हॉर्न देत पुढं गेले. जाऊ देत.

०. रस्ता रिकामा नव्हता.

परतल्यावर सरांनी फॉर्म ५ चं प्रमाणपत्र लिहिलं. साडेदहा तास. २१ सह्या.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आमची वॅगन-आर. शेजारी हे. यांचा परवाना चालू आहे, म्हणून शेजारी बसायला चालतात. एल बोर्ड मी घरीच केला : पांढऱ्या रेक्झिनवर लाल एल. नियमात मापही आहे, बोर्ड १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ जाड, खाली ९ रुंद. माप दिलं की मला बरं वाटतं. पुढं एक, मागं एक, कडेनं शिलाई घातली.

या गाडीत डाव्या बाजूला पेडल नाही. निघताना ते पहिल्यांदा पोटात जाणवलं.

अनगोळ, तिसऱ्या गेटचा पूल, पिरनवाडी, परत. एकदा बंद पडली, क्लच आल्टोपेक्षा उंचावर पकडतो. ह्यांचा डावा पाय मात्र मॅटवर सारखा दाबला जात होता. नऊ वेळा. मी नजरेच्या कोपऱ्यातून मोजलं आणि वहीत लिहिलं, वेगळ्या रकान्यात. त्यांना दाखवलं तर म्हणाले, मला कळलंच नाही. उद्यापासून मांडी घालून बसतो म्हणाले. तसं नको म्हटलं, पाय तसाच राहू दे, फक्त दाबलात की तोंडानं सांगा, म्हणजे तुम्हाला काय दिसलं ते मलाही कळेल.

९ जानेवारी, गुरुवार

परीक्षा. सरांचीच आल्टो. निरीक्षकांनी फार बोलणं केलं नाही. निघा, गिअर बदला, थांबा, रिव्हर्स घ्या, चढावर थांबून पुन्हा निघा. सूचना कानडीत होत्या. "एडक्के" म्हटल्यावर डावीकडं आणि "बलक्के" म्हटल्यावर उजवीकडं. वळताना मी मान पुढं-मागं केली तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

पास झाले. परवाना दहा वर्षांचा. रांगेत एक आजोबा होते, नूतनीकरणाला आलेले, त्यांना पाच वर्षांचा मिळतो, पंचावन्नच्या पुढं तसंच.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आठला निघालो. मागं तिळाच्या लाडवांचा डबा, आईची औषधं, तिच्यासाठी शिवलेली दोन परकरं. संक्रांत होऊन गेली, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. शेजारी हे.

हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा. मळेकरणी देवीला जाणाऱ्यांची गर्दी फाट्यावर होती, तिथं थांबून सगळे गेल्यावर निघाले. बाचीच्या पुढं शिनोळी. पाट्यांवरची अक्षरं बदलली. आतापर्यंत ही हद्द मी बसच्या खिडकीतूनच बघत आले, कधी पुढं जायला मिळालं, कधी तिथंच उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले. आज गिअरसुद्धा बदलावा लागला नाही. चौथ्यातच गेले.

पुढच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर, रिकाम्या ट्रॉल्या. मागं लागून पुढं जायचा मोह झाला, समोरचं वळण दिसत नव्हतं. दोन किलोमीटर त्याच्या मागंच गेले. ह्यांचा पाय : ३. तिन्ही वेळा त्यांनी तोंडानं सांगितलं. एक कुत्रा, एक खड्डा आणि एकदा मी डावीकडं जास्तच गेले होते.

आई ओट्यावर बसलेली. गाडी थांबली तरी उठली नाही, तिला वाटलं कुणीतरी दुसरंच आलं. मी दार उघडून उतरले तेव्हा डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "कोण चालवत आलं?"

दुपारी तिला पुढं बसवून गावातून एक फेरी मारली. तिनं पट्टा लावून घेतला, पदर नीट केला, आणि अख्ख्या रस्त्यात तिचा पाय एकदाही हलला नाही. ती बाहेर बघत होती, कुणाच्या शेतात काय लावलंय ते सांगत होती.

परतताना उशीर नको म्हणून चारला निघालो. डाव्या मागच्या टायरात हवा कमी वाटली, उद्या बघायची. रात्रीचं चालवणं अजून कच्चं आहे, त्याला महिनाभर. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलीची परीक्षा येत्या आठवड्यात आहे, तिचा आकडा गोगटे सर्कलला अजून चारवर अडकलाय. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी साडेसहाला मी मागच्या सीटवर. वही, पेन आणि कानटोपी पिशवीत घालून ठेवली आहे.